चार नट हातानं

बोरी, ता. जिंतूर
१२ सप्टेंबर २०२३

ती. मामांना बबिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामा, फोन केला की मामीच बोलतात आणि तुम्ही शेजारी बसून टाळी वाजवता. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. घशाच्या ऑपरेशनात तुमचा आवाज गेला तेव्हापासून आपलं बोलणं हे असं. पण आज जे विचारायचंय ते टाळ्यांत मावणारं नाही, आणि मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही. म्हणून कागद घेतला.

शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायला मला ज्या परदेशी संस्थेनं मोटरसायकल दिली होती, ती संस्था गाशा गुंडाळून गेली. गाडी मात्र मलाच देऊन गेली. ही गाडी शाफ्टची आहे. हिला चेन नाही. इंजिनापासून एक दांडा नळीतून मागं जातो आणि चाकाजवळच्या गिअरच्या डब्यातून चाक फिरवतो. आपल्या काळ्या मातीत चेनच्या गाडीची काय गत होते ते तुम्हाला सांगायला नको. ही गाडी मेंढरांचा वाडा कुठंही बसलेला असो, तिथवर नेते. तिच्याशिवाय माझं काम नाही.

पण तिच्या मागच्या चाकाचं बेअरिंग टिकत नाही. नवीन टाकलं की थोडे दिवस गप्प. मग घूं घूं सुरू होतं, आणि चाक धरून हलवलं की डुलतं. एवढ्या लवकर कुठल्याच गाडीचं जात नाही असं तुमचे जावई म्हणतात. यांनी आपल्या गॅरेजात चांगल्यातलं चांगलं बेअरिंग आणून टाकलं, तरी तेच.

आता गावात बोलणं सुरू झालंय. हॉटेलात बसून लोक म्हणतात, "सुरज्याच्या हाताला गुण न्हाई. बायकोची गाडी धड करंना, आपली काय करंल?" सासरे मेंढरं घेऊन तिथूनच येतात. त्यांच्या कानावर पडतं. घरी येऊन खाली मान घालून जेवतात. आणि काल हे स्वतः मला म्हणाले, "बबे, माझंच कायतरी चुकायलंय. काय, ते कळंना." मामा, हा माणूस हातातल्या कामाबद्दल असं कधी बोललेला नाही. मला ते ऐकवलं नाही. मी उठून चुलीपाशी गेले.

तुम्ही फौजेच्या वर्कशॉपात शाफ्टच्या गाड्या दुरुस्त केल्यात, असं आई सांगायची. काय बघायचं, कसं बघायचं, सगळं लिहा. यांची गाडी नीट व्हायला पाहिजेच, पण त्याहून यांचं मन ठिकाणावर यायला पाहिजे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची
बबिता

*

राणीसावरगाव, ता. गंगाखेड
२१ सप्टेंबर २०२३

चि. सौ. बबितास अनेक आशीर्वाद.

टाळ्यांची तक्रार करतेस होय? तुझी मामी तर म्हणते, नवरा गप्प झाल्यापासून घरात सुख आहे.

आता कामाचं. सुरजरावांना सांग, बेअरिंग उगाच मरत नाही. मरताना कारण स्वतःच्या अंगावर ठेवून जातं. आणि गॅरेजवाले नेमकं तेच भंगारात फेकतात आणि नवं ठोकतात. जुनं बेअरिंग फोडायचं, रॉकेलनं स्वच्छ धुवायचं आणि आतलं कडं उजेडाला धरायचं. गोळ्या जिथून फिरल्या तिथं चकचकीत वाट पडलेली असते. तांबूस डाग आणि बारीक खड्डे दिसले तर पाणी शिरलंय, मग दाबाच्या पाण्यानं गाडी धुणं बंद करा. वाट सरळ असेल पण एका काठाला चिकटलेली असेल, तर दोन बेअरिंगांच्या मधली नळी आखूड आहे. आणि वाट तिरपी असेल, या काठावरून त्या काठाला गेलेली असेल, तर चाक वाकडं बसलंय.

माझा संशय या शेवटच्यावर आहे. सुरजराव चेनच्या गाड्यांवर शिकलेले. शाफ्टच्या गाडीत तो गिअरचा डबा चार नटांनी धरलेला असतो, आणि चाकाचा आस, म्हणजे एक्सल, त्या डब्यातूनच आरपार जातो. नट आधी घट्ट केले की डबा केसभर वाकडा असेल तसाच अडकून बसतो. मग एक्सल त्याला ओढतो, डबा सरकत नाही, आणि ती सगळी ओढ बिचाऱ्या बेअरिंगवर येते. डोळ्यांना काही दिसत नाही.

म्हणून क्रम नीट ध्यानात ठेवा. आधी चार नट हातानं आवळायचे. मग एक्सल पुरता आवळायचा, म्हणजे डबा आपली जागा आपण शोधतो. शेवटी ते चार नट पुरते आवळायचे. "चार नट हातानं" हे आम्ही नव्या पोराकडून पहिल्याच दिवशी घोकून घ्यायचो.

तसं करून बघा आणि मला कळवा. जुनं बेअरिंगही पाठव, मी स्वतः बघतो. आणि मी होकार देईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही. धावत्या गाडीचं मागचं चाक जाम झालं तर कितीही चांगला गडी असो, सावरत नाही. ही गोष्ट मी चेष्टेत सांगत नाही.

माझी तब्येत ठीक. जेवण जरा कमी झालंय, वयानं होतं तसं.

तुझा मामा
महारुद्र

*

बोरी
१४ ऑक्टोबर २०२३

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र यांनी गॅरेजच्या दारात उभ्याउभ्या वाचलं, मग आत जाऊन बसून वाचलं, आणि मग मला म्हणाले, "हवालदार मामाला आधीच का न्हाई इचारलं?" जसं काही मीच अडवलं होतं!

जुनं बेअरिंग धुतलं. आतली वाट यांना तिरपी दिसते, मला सरळच दिसते. त्यावरून आमचं भांडण झालं. म्हणून डबीत घालून सोबत पाठवलंय, निकाल तुम्ही द्या.

नवीन बेअरिंग टाकून गाडी बांधली आहे. चार नट तुम्ही सांगितल्याप्रमाणे हातानंच आवळले. यांच्याकडे आता हवेवरची गन आहे, टर्रकन नट आवळते, सगळी कामं तिच्यावरच करतात. ती या वेळी भिंतीला टांगून ठेवली आणि हातात पाना घेऊन, अंगात होता तेवढा जोर लावून आवळले. मग एक्सल आवळला. शेवटी पुन्हा चार नटांवर आले तर पाना तसूभर हलेना. आधीच पुरते बसलेले.

तिथं यांच्या मनात आलं, की असं असेल तर मामांनी दोनदा आवळायला कशाला सांगितलं? मला म्हणाले, "मामाला तेवढं इचार. हातानं म्हंजे गन लावायची न्हाई, पान्यानं आवळायचं, असंच ना? का आणिक काय?"

एवढंच विचारायचं आहे, मामा. तुमचं उत्तर आल्याशिवाय गाडी काढायची नाही असं यांनी ठरवलंय. तोवर मी वाड्यांवर पायी जायली. खांद्याला लसीची पेटी आणि पायात काळा चिखल, मेंढरंसुद्धा माझ्याकडे बघून हसायलीत. पण यांचा चेहरा पुष्कळ दिवसांनी मोकळा दिसला. ते बघून चालण्याचं काही वाटत नाही.

लवकर लिहा.

बबिता

*

राणीसावरगाव
२५ आक्टोबर

सौ. बबितास मामी कासाबाईचा आशीर्वाद.

तुजं पत्र आन डबी पोचली. मामाच्या घशाला जराशी सूज हाय, लिहायला बसवंना, म्हणून मी लिहायले. फिकीर करू नको, बरे हायेत.

तुजं पत्र मी त्यांना समदं वाचून दाखिवलं. त्यांनी एकच टाळी वाजिवली. म्हंजे जावईबापूंनी केलं ते बरूबर हाय. गाडी खुशाल चालवा. एवढी पेटी घिऊन लेकरानं पायी हिंडायचं म्हंजे काय. जावईबापूला म्हणावं, मामा लय खूश हायेत तुमच्यावर.

तुज्या सासऱ्याला, भुजंगदादाला नमस्कार सांग.

मामी

*

राणीसावरगाव
३० नोव्हेंबर २०२३

चि. सौ. बबितास,

ताबडतोब गाडी थांबवा. पत्र पुढं वाचायच्या आधी सुरजरावांना हाक मार आणि गाडी थांबवायला सांग.

माझ्या घशातली गाठ परत वाढली होती. महिनाभरावर लातूरच्या दवाखान्यात होतो. मामीनं तुला कळवलं नसेल, ती तशीच आहे. काल घरी आलो. आज सकाळी धान्याच्या कोठीवर तुझं पाकीट आणि डबी दिसली, तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

वाट तिरपी आहे. सुरजरावांचे डोळे बरोबर आहेत. आणि हातानं म्हणजे पान्यानं नव्हे! हातानं म्हणजे नुसत्या बोटांनी. नट बोटांनी फिरवत न्यायचा आणि टेकला की सोडून द्यायचा. पाना लावायचाच नाही. आमच्या वर्कशॉपात गन नव्हती, त्यामुळं हात आणि पाना या आमच्या दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्याकडे गन आली आणि पाना हातात जमा झाला. हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं.

पान्यानं आवळल्यामुळं डबा अजून वाकडाच आहे. हे बेअरिंगही तसंच मरणार, आणि मरताना फुटणार. चारी नट सैल करा. एक्सल सैल करा. मग बोटांनी नट, पान्यानं एक्सल, शेवटी पान्यानं नट. बेअरिंग नवं टाका, आताचं वापरू नका.

शेजारच्या रामला सकाळपासून तुमचा फोन लावायला बसवलंय. घंटी वाजते, कोणी उचलत नाही. म्हणून त्याच्याच हाती हे स्पीड पोस्टानं पाठवतोय. पोचल्याबरोबर फोन कर.

मामा

*

बोरी
२२ डिसेंबर २०२३

मामा,

फोन कोणी उचलत नव्हतं, कारण तेव्हा आम्ही सगळे परभणीच्या दवाखान्याच्या आवारात बसलेलो होतो. संध्याकाळी रामला कळवलं तेव्हा तुमचं पत्र पोस्टात पडलेलं होतं.

ते आलं तेव्हा ओसरीत सतरंजी होती आणि माणसं बसायला येत होती. पाकिटावर तुम्ही मोठ्या अक्षरात सौ. लिहिलेलं. पोस्टमन व्यंकटरावांनी पाकीट पालथं करून माझ्या हातात दिलं.

तुम्हाला रामकडून थोडंफार कळलंच असेल. हे पिंगळीला नणंदेकडे, प्रियांकाकडे निघाले होते. गाडी माझी नेली. म्हणाले, "चार-सहा दिवस झाले, मला बारीक आवाज यायलाय. लांब पळवून बघतो, मग तुला दितो." मी म्हटलं, मामांनी बरोबर म्हटलंय ना, मग कशाला घाबरता. असं म्हणून मी यांना डबा भरून दिला. पिंगळीच्या अलीकडे मागचं चाक जाम झालं. मागून उसाचा ट्रॅक्टर होता. त्याच्या ड्रायव्हरला मी दोष देत नाही, तो तिथंच रस्त्यावर बसून रडत होता म्हणतात.

सासऱ्यांनी अन्न जवळजवळ सोडलंय. मेंढरं शेजारचे चारून आणतात. ते ओसरीच्या खांबाला टेकून बसतात आणि येईल त्याला एकच सांगतात, "माझ्या पोरानंच बांधलेलं चाक. त्यानंच त्याला खाल्लं." लोक मान डोलावतात. यांना जिवंतपणी जे म्हणायचे तेच आता गेल्यावर म्हणतात, फक्त आवाज खाली आणून. मला हे सहन होत नाही, मामा. माणूस गेला तो गेला, पण त्यांनी शेवटच्या दिवसांत एकेक नट तुम्हाला विचारून लावला होता. त्यांचं चुकलं नाही, हे मला सासऱ्यांना सांगायचं आहे, आणि ते खरं असल्याशिवाय मी सांगणार नाही.

म्हणून एक विचारते. मामींनी ऑक्टोबरात लिहिलं, की पत्र वाचून दाखवलं आणि तुम्ही टाळी वाजवली. तुम्ही लिहिता, की पत्र पहिल्यांदा ३० नोव्हेंबरला वाचलं. ती टाळी वाजली नसती तर गाडी गॅरेजातून निघाली नसती. दोन्ही खरं असू शकत नाही. खरं काय ते मला लिहा.

मामींना तुम्हाला सोडून इकडं येता आलं नाही, ते मी समजू शकते.

बबिता

*

(हे पत्र महारुद्र यांनी पोस्टात टाकलं नाही.)

राणीसावरगाव
२८ डिसेंबर २०२३

चि. बबितास,

पाकिटावर काय लिहावं ते कळेना. शेवटी नुसतं बबिता लिहिलं.

मामीनं तुला असं पत्र लिहिलं होतं हे मला तुझ्याकडूनच कळलं. मी लातूरला नळ्या लावून पडलो होतो. कोणतंही पत्र मला कोणी वाचून दाखवलं नाही. मी टाळी वाजवलेली नाही.

मी तिच्यापुढं तुझं पत्र ठेवलं. ती भाकरी थापत होती. वाचून झाल्यावर तव्यावरची भाकरी जळेपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "तुमी जगताव का न्हाई तेच कळंना झालं होतं. लेकीला कशाला त्या घोरात घालू? पोरगं इतकं निगुतीनं करायलंय, त्याचं चुकंल कसं? बरूबरच असंल म्हणलं." फोन का केला नाहीस, असं पाटीवर लिहून विचारलं. म्हणाली, "फोनवर रडू आलं असतं."

सुरजराव गेले त्याच आठवड्यात ती तुझ्याकडे यायला निघाली होती. पिशवी भरून एस.टी.पर्यंत गेली आणि गाडी आल्यावर घरी परत आली. मला वाटलं, माझ्यासाठी थांबली. आपल्या पत्रानं काय झालं ते तिला तेव्हाच कळलं होतं. तुझं पाकीट आणि डबी बघून माझी धावपळ झाली, ती तिनं बघितली होती.

आता ती जेवत नाही आणि झोपत नाही. काल तिला विहिरीच्या वाटेवरून मी हाताला धरून परत आणलं. मला हाक मारता येत नाही, म्हणून पळावं लागलं. ती म्हणाली, पाणी आणायला चालले होते. हातात घागर नव्हती.

बबिता, तुला खरं पाहिजे आणि तुझा तो हक्क आहे. पण हे खरं तुझ्याकडे गेलं की आज ना उद्या तुझ्या तोंडून किंवा नजरेतून ते तिच्याकडे परत येणार, आणि मग मी किती वेळा विहिरीपर्यंत पळू शकेन

*

राणीसावरगाव
२९ डिसेंबर २०२३

चि. बबितास,

मामीनं लिहिलं ते खरं आहे. दवाखान्यात तिनं मला तुझं पत्र पूर्ण वाचून दाखवलं होतं. पान्याचंही वाचलं होतं. मी नीट ऐकलं नाही आणि टाळी वाजवून मोकळा झालो. घरी आल्यावर चूक दिसली, तेव्हा ती झाकण्यासाठी पहिल्यांदाच वाचतोय असं लिहिलं. लाज वाटली म्हणून लिहिलं.

सुरजरावांचं काहीही चुकलेलं नाही. त्यांनी वाट बरोबर वाचली, शंका बरोबर काढली आणि विचारल्याशिवाय गाडी काढली नाही. याहून जास्त कोणताही कारागीर करू शकत नाही. चूक माझी आहे, माझ्या एकट्याची. हे पत्र भुजंगदादांना वाचून दाखव. चारचौघांत वाचलंस तरी चालेल.

तू जे म्हणशील ते मला मान्य आहे.

महारुद्र

*

बोरी
१९ जानेवारी २०२४

मामा,

तुमचं पत्र सासऱ्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "म्हंजी माझ्या सुरजचं चुकलं न्हाई?" मी म्हटलं, नाही. मग ते उठले, तोंड धुतलं आणि पत्र खिशात घालून हॉटेलाकडे गेले. तिथं मास्तरांकडून सगळ्यांना वाचून घेतलं म्हणे. परत आले आणि भाकर मागितली. यांच्या हाताला आता गावात कोणी नाव ठेवत नाही. हे तुमच्यामुळं झालं, तेवढं मी मान्य करते.

पण मामा, तुम्ही टाळी वाजवलीत. आमच्या जिवावर बेतणारी गोष्ट होती आणि तुम्ही नीट ऐकलंसुद्धा नाही. चूक माणसाकडून होते असं मी मनाला रोज सांगते. पण नंतर ती झाकायला तुम्ही मला खोटं लिहिलंत, आणि तेही असं, की मामी खोट्या पडाव्यात. मी कितीतरी दिवस मामींवर संशय घेत होते. ते मला विसरता येत नाही. यापुढं मी तुम्हाला लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. आजारी माणसाला असं लिहू नये हे मला कळतं, तरी लिहिते.

मामींना मात्र इकडं पाठवा. आई गेल्यापासून मला त्याच आहेत. तुमचं एवढं आजारपण काढताना त्यांनी माझ्यासाठी वेळ काढला, मी पायी हिंडते म्हणून त्यांचा जीव तुटला. हे गेल्यापासून मी रडलेले नाही. इथं सासऱ्यांकडे बघून रडता येत नाही. मामी आल्या की त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मला एकदा सगळं रडून घ्यायचं आहे. त्यांनी फक्त माझ्या डोक्यावरून हात फिरवावा आणि म्हणावं की होईल सगळं बरं.

थोडे दिवस रामची आई तुमचं जेवणखाण बघेल, मी फोनवर तिच्याशी बोलले आहे. एस.टी.त बसवून द्या, बोरीच्या स्टँडवर मी उभी असेन. आणि हे पत्र वाचून झालं की त्यांच्या हातात द्या. त्या स्वतः वाचतील.

बबिता